खिळ्यांच्या जमिनीतलं मंगळसूत्र

श्रूजबरी,
२२ सप्टेंबर १९८६

दादा,

आधी एक अट सांगते, मग बाकीचं. हे पत्र वाचून फोन करायचा नाही. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि तुझ्या मेहुण्यांचे, श्रीरामपंतांचे, कान हल्ली फार तिखट झालेत. जे बोलायचं ते कागदावर बोल.

माझं मंगळसूत्र हरवलं. काल आठवडा झाला. एक वाटी आपल्या आईने दिलेली, एक सासूबाईंनी. दोघीही आता नाहीत, त्यामुळे पुन्हा घडवून घ्यावं असं ते नाही. पोत जुनी झाली होती, दोरा विरला होता. पुण्यात असते तर पटवेकऱ्याकडून कधीच गाठवून आणली असती. इथे कोण गाठवणार?

त्या रविवारी दुपारभर मी मागच्या अंगणात होते. घेवड्याचे वेल उपटले, बटाटे काढले, वाफे खणून खत मिसळलं. संध्याकाळी केस विंचरताना हात गळ्याशी गेला तर गळा मोकळा. मला वाटतं, दोरा तुटून ते मातीत गेलं. पण अंघोळीला जाताना मी कधी ते काढून ड्रेसरवर ठेवते, कधी नाही ठेवत. त्या सकाळी ठेवलं होतं, एवढं खरं. नंतर परत घातलं की नाही, हे मला शपथेवर सांगता येत नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

कारण हे म्हणतात, चोरी झाली. कॉलेजात शिकणारी मुलं-मुली आमच्याकडे जेवायला-राहायला येऊन-जाऊन असतात, तुला माहीत आहे. त्यातल्या एकीला ह्यांनी त्या सकाळी आरशासमोर पाहिलं, माझं मंगळसूत्र गळ्यात घालून उभी. ह्यांना बघून ती दचकली. ती म्हणते, तिथल्या तिथे काढून ठेवलं. हे म्हणतात, ठेवलं ते पर्समध्ये. दोन संध्याकाळी ह्यांनी दाताळ्याने माती उपसली, काही मिळालं नाही, तेव्हापासून तर ह्यांची खात्रीच झालीय. दिवाळीपर्यंत सापडलं नाही तर मुलीच्या वडिलांना सगळं कळवणार, असं मला बजावलंय. एकदा तसं झालं की कितीही सारवासारव केली तरी ते पोरीला चिकटणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरच नाही.

तुझं ते समुद्रकाठी नाणी शोधायचं मशीन मला पाठव. कसं चालवायचं तेही लिही. उशीर करू नकोस, इथे थंडी लवकर पडते आणि जमीन दगड होते.

मालू


सनीव्हेल,
२८ सप्टेंबर १९८६

मालू,

मशीन या खोक्यात आहे, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या कागदात गुंडाळल्यात. वहिनीने मागितलं असतं तर दिलं नसतं, बहिणीला नाही म्हणता येत नाही. वहिनी मला नाही हा भाग वेगळा.

आता नीट वाच. लोकांना वाटतं सोनं शोधणं अवघड. सोनं सोपं आहे, लोखंड ओळखणं अवघड. जमिनीत लोखंड सगळीकडे असतं. मशीनला एक बटण आहे, डिस्क्रिमिनेशनचं. ते जेवढं वर नेशील तेवढं मशीन फालतू धातूला गप्प बसेल. सध्या तीनवर ठेव. दांड्याच्या टोकाची थाळी जमिनीला जवळजवळ चिकटवून, झाडू मारतेस तशी पण सावकाश फिरव. कानाला हेडफोन लाव.

चांगली वस्तू असली की आवाज गोल येतो. थाळी डावीकडून ने की उजवीकडून, आवाज तोच. मग काटकोनात वळ आणि आडवी फिरवून बघ, तरी तोच. लोखंड खरखरतं, अडखळतं, एका बाजूने बोलतं आणि दुसऱ्या बाजूने मुकं होतं. असा तुटका आवाज आला की खणायचं नाही, पुढे जायचं. हा नियम मोडलास तर अंगणाची चाळण होईल आणि हाती खिळे येतील.

राहता राहिली ती मुलगी. मालू, तुझं काळीज मऊ आहे, पण श्रीरामचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या पोरीसाठी नवऱ्याशी कशाला भांडतेस? परक्या घरात, आरशासमोर, दुसरीचं मंगळसूत्र गळ्यात घालून उभी होती, आणखी काय पुरावा हवा? सरळ तिची बॅग उघडून बघा, तिच्यादेखत. तोंडावरच कळेल. आणि वडिलांना जरूर कळवा. मी तिचा बाप असतो तर मला कळायला हवं असतं. हल्लीच्या मुलांना आईबाप डॉलर पाठवतात, वळण पाठवत नाहीत.

आमच्या दीपाला मात्र त्या मुलीपासून चार हात लांब ठेव. तिची आई गेल्यापासून तिला माणसं फार पटकन लागतात. वूस्टरला कॉलेज घेतलं ते केवळ तू शेजारच्या गावात आहेस म्हणून. शनिवारी आली की मशीनची ही माहिती तिलाच वाचायला दे. रविवारचे मराठीचे धडे विसरली नाही ना, तेही कळेल.

प्रल्हाद


श्रूजबरी,
८ ऑक्टोबर १९८६

दादा,

खोकं शनिवारी पोचलं. मी ग्रोसरीला गेले होते. ह्यांनी उघडलं. तुझं पत्र वरच होतं, ते ह्यांनी वाचलं. त्यावरून जे झालं ते आज लिहीत नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्हीदा कागद फाडला.

मशीनबद्दल लिहिते. तू म्हणालास त्याप्रमाणे बटण तीनवर ठेवून सुरू केलं तर कानात कावळ्यांची शाळा भरली. पाऊल टाकायची सोय नाही, सगळीकडे खरखर. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुमचं अंगण जिथे आहे तिथे पूर्वी गोठा होता, तो जळाला आणि जागेवरच नांगरून टाकला. म्हणजे आमच्या घेवड्याखाली सगळा गोठा खिळ्यांसकट पुरलेला आहे. शेवटी मी बटण पार वर नेलं. मशीन एकदम शांत झालं. तेव्हापासून रोज हे ऑफिसला गेले की मी फिरवते. एक चमचा सापडला, एक पितळी कडी सापडली. वाफे सगळे झाले. मंगळसूत्र नाही.

सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असतं. दिवाळीला थोडेच दिवस उरलेत आणि हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. रात्री जेवताना आम्हा दोघांत फक्त भांड्यांचा आवाज असतो. माझं चुकतंय का, हे मला आता कळेनासं झालंय. कदाचित मातीत नसेलच ते. असं मनात आलं की माझीच मला लाज वाटते.

एक विचारते, रागावू नकोस. ज्या मुलीला पाहिलं नाहीस, जिचं नाव माहीत नाही, तिच्याबद्दल तू इतकं पटकन कसं लिहिलंस?

मालू


सनीव्हेल,
१४ ऑक्टोबर १९८६

मालू,

आधी कान पकडतो, मग उत्तर देतो. बटण पार वर? बाई गं, तुझ्या वाट्या म्हणजे बुंदीएवढ्या, आत लाख आणि वर चॉकलेटच्या चांदीएवढा सोन्याचा पत्रा. त्या मशीनला चांदीच्या कागदासारख्या किंवा कोकचा डबा उघडायच्या चावीसारख्याच ऐकू येतात. तू बटण वर नेलंस तेव्हा खिळ्यांबरोबर सोन्यालाही गप्प बसवलंस. शांत मशीन म्हणजे चांगलं मशीन नव्हे. परत तीनवर आण, नाही तर दोनवर. कावळे ओरडू देत. त्यांच्यामधून गोल आवाज येतो का ते ऐकायचं. वाफे पुन्हा पहिल्यापासून कर. तुटका आवाज सोडायचा हा नियम मात्र कायम.

त्या मुलीबद्दल मी पटकन लिहिलं म्हणतेस. असेल. दुरून सगळ्यांनाच न्यायाधीश होता येतं. पण पत्रावरून काय झालं ते तरी सांग. अर्धवट लिहून माझ्या जिवाला घोर का लावतेस?

आणि दीपाचं काय चाललंय? दर रविवारी तिला फोन करायचा हा आमचा शिरस्ता. गेले दोन रविवार ती फोनवर येतच नाही. खोलीतली दुसरी मुलगी सांगते, ‘शी इज आउट.’ मागे कोणीतरी कुजबुजत होतं, तो आवाज मी ओळखला. काल कार्ड आलं, इंग्रजीत, एका ओळीचं. थँक्सगिव्हिंगला घरी येणार नाही. का, ते नाही. खाली ‘लव्ह’ पण नाही, नुसतं नाव.

पोरगी अशी कधी वागली नाही. तिची आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती, तेव्हापासून आम्ही दोघंच. काही आजार लपवतेय का? कोणाच्या नादी लागलीय? ती तुझ्याकडे दर शनिवारी येते, तुला माहीत असणार. मला खरं काय ते लिही. रात्री डोळा लागत नाही.

प्रल्हाद


श्रूजबरी,
२० ऑक्टोबर १९८६

दादा,

ती मुलगी दीपा.

हे वाक्य मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण तू पहिल्या विमानाने येऊन ह्यांची गचांडी धरली असतीस आणि मग मंगळसूत्र सापडलं असतं तरी घर सापडलं नसतं. वाटलं, आधी गुपचूप शोधून काढू, म्हणजे कोणाला काही कळायलाच नको.

आता त्या शनिवारचं सांगते. मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन दारातून आत आले तर दीपाची बॅग गालिच्यावर उपडी केलेली. वह्या, मोजे, तिचं ते चपटं कॅलक्युलेटर, सगळं पसरलेलं. हे मधोमध उभे. दीपा भिंतीला टेकून, हातात तुझं पत्र. ह्यांनीच दिलं होतं. म्हणाले होते, ‘मी म्हणतो म्हणून नको, तुझा बाप काय म्हणतो ते वाच.’ ‘तोंडावरच कळेल’ इथपर्यंतच ह्यांनी वाचलं होतं, खाली तू दीपाबद्दल लिहिलेलं पाहिलंच नव्हतं; ह्यांना खरंच वाटलं होतं की मी तुला नाव कळवलंय आणि तू सगळं समजून लिहिलंयस. ती शब्दांखाली बोट ठेवून वाचत होती, तू शिकवलंस तशी. ‘तिची बॅग उघडून बघा’ इथे बोट थांबलं होतं. मला म्हणाली, ‘आत्या, इज धिस बाबाज हँडरायटिंग?’

मी काय सांगणार? हो म्हटलं.

तिने एकेक वस्तू उचलून बॅगेत भरली. रडली नाही, हेच मला बघवेना. आम्हाला मूल नाही, दादा. शनिवार आला की या घरात कोणीतरी मोठ्याने हसायचं, ते तीच. ती गेली तेव्हा ह्यांनी दारापर्यंतसुद्धा पाहिलं नाही. नंतर मात्र तिचा एक मोजा सोफ्याखाली सापडला, तो ह्यांनी घडी करून जिन्याच्या कठड्यावर ठेवला. अजून तिथेच आहे.

दोन दिवसांनी मी होस्टेलवर गेले. सांगितलं, बाबाला माहीतच नव्हतं की ती मुलगी तू आहेस. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सो इट्स ओके इफ इट्स समबडी एल्स?’ ह्यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर मला कळव.

दोनवर बटण ठेवून सगळे वाफे पुन्हा केले. गोल आवाज आला तिथे डब्यांच्या चाव्या निघाल्या, मुलाच्या बुटाची एक पितळी रिंग निघाली. बाकी सगळी नुसती तुटकी खरखर, ती सोडून दिली. आता कुठे शोधू?

मालू


सनीव्हेल,
२८ ऑक्टोबर १९८६

मालू,

तुझं पत्र वाचून मी फोन उचलला आणि परत ठेवला. किती वेळा ते विचारू नकोस. तुझी अट म्हणून नव्हे. श्रीराम ‘हॅलो’ म्हणाला असता तर माझ्या तोंडून काय गेलं असतं, या भीतीने. आणि त्याला तरी काय बोलणार? त्याच्या हातात काठी मीच दिली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्याच्या पोरीला लावली असती तर मी आज शांत झोपलो असतो, हे त्याहून वाईट.

तुझ्याशी खोटं बोलत नाही. ‘ती मुलगी दीपा’ हे वाचलं तेव्हा एक क्षण माझ्याही मनात आलं, घेतलं तर नसेल? एकच क्षण, पण आला. मग आरसा आठवला. ती नऊ वर्षांची असताना कपाटातून आईचं मंगळसूत्र काढायची, गळ्यात घालायची आणि आरशासमोर उभी राहायची. हलायची नाही, बोलायची नाही. मला ते सोसेना. मी रागावलो आणि मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलं. म्हणजे तुझ्या ड्रेसरसमोर ती काय करत होती, हे या जगात फक्त मला कळायला हवं होतं, आणि मीच लिहिलं, आणखी काय पुरावा हवा.

मी तिला ‘घेतलंस का’ असं विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आता मशीनचं. नीट वाच. रविवारी इथल्या मंडळात दिवाळीच्या नाटकाची तालीम होती. ऐन वेळी मावळ्याचं धोतर सुटायला लागलं. शरयू वहिनींनी गळ्याशी हात नेला, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, धोतर टाचलं आणि बोलता बोलता पुढे गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. मालू, तुझ्या मंगळसूत्रालाही पिना असतात. कायम असतात. साडीला, पडद्याला, पोरांच्या बाह्यांना, जिथे लागेल तिथे तूच पुरवतेस. तू मला पोत लिहिलीस, वाट्या लिहिल्यास, पिना लिहिल्या नाहीस, कारण पिना कोणी दागिन्यात धरत नाही. मीही धरल्या नाहीत. अन् पिना असतात पोलादाच्या.

काल लॉकरमधून दीपाच्या आईचं मंगळसूत्र काढून आणलं. माझं जुनं मशीन अजून चालतं. मागच्या हिरवळीवर मंगळसूत्र ठेवलं, थाळी फिरवली. गोल आवाज आला, लहान पण स्वच्छ. मग स्वयंपाकघरातल्या पिना त्याला अडकवल्या. आवाज फाटला. एका बाजूने खरखर, दुसऱ्या बाजूने काही नाही. बटण तीनवर नेलं तर मशीन मुकं झालं. तू त्याच्यावरून कितीदा गेली असशील कोण जाणे, आणि दरवेळी माझ्या नियमाप्रमाणे पुढे गेलीस.

म्हणून आता नियम मोड. बटण शून्यावर आण, लोखंडासकट सगळं बोलू दे. जिथे खरखर येईल तिथे थांब आणि अगदी हळू, वीतभर जागेत, आडवी-उभी थाळी फिरव. नुसता खिळा असेल तर सगळीकडून खरखरच येईल. खरखरीच्या मध्ये कुठूनतरी एका अंगाने बारीक गोड आवाज डोकावला तर खण. बटाट्याच्या वाफ्यापासून सुरुवात कर, तिथे तू वाकून काम केलंस.

आणखी एक मागणं. आमच्या कंपनीची चिप सात तारखेला कारखान्यात, फॅबला, जाते, तोवर मला हलता येत नाही. आठ तारखेला, शनिवारी, मी येतो. आधी होस्टेलवर जाणार आहे. त्याआधी सापडलं तर दीपाला सांगू नकोस आणि मलाही सांगू नकोस. ते हरवलेलं असताना मला तिच्यासमोर उभं राहायचंय. सापडल्यावर तर परकासुद्धा विश्वास ठेवेल.

प्रल्हाद


श्रूजबरी,
१० नोव्हेंबर १९८६

दादा,

तू परत पोचला असशील. आता सांगते. मंगळसूत्र दोन तारखेलाच सापडलं.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी सकाळी ह्यांच्यासमोर, काही न लपवता, मशीन घेऊन अंगणात गेले. बटण शून्यावर. कान किटले. बटाट्याच्या वाफ्याच्या कडेला, जिथून मी पंधरा दिवसांत किती वेळा गेले असेन, तिथे खरखर आली. आडवी फिरवली, खरखर. तिरकी फिरवली तर मधूनच बारीक आवाज आला, कोणी दाराआडून हाक मारावी तसा. पुन्हा फिरवली, पुन्हा आला. गुडघ्यावर बसून खुरप्याने खणलं. टीचभर खाली दोन्ही वाट्या, मणी सुटलेले, आणि पिना एकमेकींत गुंतून गंजायला लागलेल्या. मी तिथेच मातीत बसून रडले.

माझा आवाज ऐकून हे आले. माझ्या हातात बघितलं. मग आत जाऊन गाडीची किल्ली घेतली. म्हणाले, ‘आत्ता जातो. पोरीचे पाय धरतो.’ मी दारात उभी राहिले. म्हटलं, आधी तिचा बाप येणार आहे, तुम्ही नंतर. ते म्हणाले, ‘अगं, तिच्यावर आळ आहे तो माझा आहे, तो एक दिवसही कशाला ठेवायचा?’ खरं तर बरोबरच होतं त्यांचं. माझाही जीव तुटत होता. पण तुला शब्द दिल्यासारखं झालं होतं. म्हटलं, तिने इतके आठवडे सोसलं, तुम्ही आठवडाभर सोसा. सोसलं त्यांनी. दिवाळीचा फराळ केला होता, एका चकलीलासुद्धा हात लावला नाही.

होस्टेलवर तुम्हा दोघांत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. शनिवारी दुपारी तू एकटाच दारात आलास, मशीन मागितलंस आणि म्हणालास, ‘दीपा आत यायला तयार नाही, पण म्हणते, आपण दोघं शोधू.’ मग मला विचारलंस, ‘काही?’ मी नाही म्हणून मान हलवली. दादा, आयुष्यात इतकी जड मान कधी हलवली नव्हती. मंगळसूत्र तेव्हा तांदळाच्या डब्यात होतं.

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होतो. वरची माती कडक झालेली. तू गुडघ्यावर बसून खणत होतास, एकेक खिळा काढून बाजूला ठेवत होतास, आणि दीपा मशीन धरून तुझ्याकडे बघत होती. मशीनकडे नाही, तुझ्याकडे. हे म्हणाले, ‘जातो मी, सांगून टाकतो, माणूस थंडीने मरेल.’ मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. अंधार पडल्यावर तू उठलास, तुला लोगनला विमान गाठायचं होतं. तुला हाक मारावी म्हणून मी खिडकी अर्धी उघडली आणि लावून घेतली.

काल आम्ही होस्टेलवर गेलो. ह्यांना मराठीत माफी मागता येईना. ‘आय ॲम सॉरी’ म्हणाले आणि मग ओक्साबोक्शी रडले. तिनेच त्यांना खुर्चीवर बसवलं. मंगळसूत्राकडे तिने एकदाच पाहिलं. मला म्हणाली, ‘बाबाला माहीत होतं?’ नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी देवाशपथ म्हटलं. मग ती टेबलाशी जाऊन बसली आणि लिहू लागली. मध्ये दोनदा मला अक्षरं विचारली. चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही.

मालू


बाबा,

आत्याने सांगितलं. ते आधीच सापडलं होतं. तुला माहीत नव्हतं. मी तीनदा विचारलं.

तू शनिवारी रूममध्ये म्हणाला, सापडलं नाही तरी चालेल, माझा तुझ्यावर विश्वास आहे. मला वाटलं, आत्याने फोन केला असेल, सापडलं म्हणून, मग तू विमानात बसला. म्हणून मी म्हटलं, चल शोधू. मला मंगळसूत्र नव्हतं शोधायचं. तुला माहीत आहे की नाही ते बघायचं होतं. तू एकेक खिळा काढत होता आणि दर वेळी तुझं तोंड छोटं होत होतं. पॅन्ट ओली झाली, तरी तू उठला नाही.

मला अजून राग आहे. तो पत्रात लिहिता येत नाही, मला एवढं मराठी येत नाही. घरी येऊन भांडते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी येते, रात्रीची फ्लाइट आहे.

एअरपोर्टवर ये.

दीपा